विजेवरच्या मोटारीची रेंज : चाचणीतली आणि रस्त्यावरची

पूर्ण भरलेल्या बॅटरीवर विजेची मोटार जितके अंतर कापते त्याला तिची रेंज म्हणतात. हा आकडा एका साध्या भागाकारातून निघतो. वर असते बॅटरीत साठलेली वीज आणि खाली असतो दर किलोमीटरचा खप. वीज मोजायची ती युनिटांत, घरच्या वीजबिलावर असतात त्याच युनिटांत. एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास, अर्थात १,००० वॉट-तास. बॅटरी ४५ युनिटांची आणि खप किलोमीटरला १२५ वॉट-तास असेल तर रेंज ३६० किमी भरते. खप १५० वर गेला की तीच गाडी ३०० किमीवर थांबते. वरचा आकडा कारखान्यात ठरतो आणि पुढची काही वर्षे जवळजवळ तेवढाच राहतो. खालचा मात्र चढाला, वाऱ्याला, गर्दीला, उन्हाला आणि चालवणाऱ्याच्या पायाला बांधलेला असतो. बेळगावजवळच्या बेळगुंदी गावाहून शहराच्या बाजारात जाणारी गाडी, निपाणीकडे राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून धावणारी गाडी आणि चोर्ला घाट उतरून गोव्यात जाणारी गाडी एकाच कारखान्यातून एकाच दिवशी बाहेर पडलेल्या असल्या, तरी तिघींची रेंज वेगळी येते आणि तिन्ही आकडे खरे असतात.

रेंज इतकी हलती का, हे समजायला पेट्रोलशी तुलना उपयोगी पडते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. म्हणजे ४५ युनिटांची बॅटरी ऊर्जेच्या हिशेबाने जेमतेम ५ लिटर पेट्रोलइतकी. एवढ्याशा शिदोरीवर गाडी साडेतीनशे किलोमीटर जाऊ शकते, कारण विजेची मोटर घेतलेल्या ऊर्जेतला ८५ ते ९० टक्के भाग चाकांपर्यंत पोचवते. पेट्रोलचे इंजिन मिळालेल्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णतेच्या रूपाने सायलेन्सर आणि रेडिएटरमधून बाहेर टाकते; चाकांच्या वाट्याला पाव हिस्सा आला तरी पुष्कळ. इतक्या मोठ्या नुकसानीत एसीचा किंवा कमी हवेच्या टायरचा खर्च दिसून येत नाही. विजेच्या गाडीत तो लगेच दिसतो. वेग २० किमीने वाढवला, काचा बंद करून एसी लावला, टपावर सामान बांधले, की पडद्यावरचे उरलेले किलोमीटर भराभर उतरू लागतात. गाडी बिघडल्याची ही खूण नाही. मुळात वाया जाणारे थोडे असल्यामुळे प्रत्येक जादा खर्च उघडा पडतो.

रेंजची चिंता विजेच्या मोटारीइतकीच जुनी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत विजेच्या मोटारी चांगल्याच खपत होत्या, आणि डेट्रॉइट इलेक्ट्रिक या कंपनीची एक गाडी एका चार्जवर सुमारे ३४० किमी धावल्याची नोंद आहे. ती चाचणीतली धाव होती. गिऱ्हाइकाला कंपनी सांगत असे ते सुमारे १३० किमी. चाचणीतला आकडा आणि रोजचा आकडा यांच्यातले अंतर तेव्हापासूनचे आहे. कर्नाटकात या गाड्यांची सुरुवात २००१ साली बंगळूरच्या रेवापासून झाली. चेतन मैनी यांच्या कंपनीने केलेली ही छोटी दोन दारांची गाडी शिसे-आम्लाच्या बॅटरीवर सुमारे ८० किमी जाई. पुढे लिथियम-आयनच्या बॅटऱ्या स्वस्त झाल्या आणि विजेची मोटार शहराची हद्द ओलांडू लागली. जानेवारी २०२० मध्ये टाटा नेक्सॉन ईव्ही ३०.२ युनिटांच्या बॅटरीसह बाजारात आली तेव्हा तिची प्रमाणित रेंज ३१२ किमी होती. त्या एका आकड्याने सामान्य खरेदीदाराला पहिल्यांदा एक प्रश्न पडला : हे प्रमाण दिले कोणी आणि कसे?

मराठी मुलखापुरते याचे उत्तर पुण्यात मिळते. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, ही संस्था १९६६ साली स्थापन झाली. पुण्यात वेताळ टेकडीवर तिचे मुख्य आवार आहे. फिरायला जाणारे पुणेकर त्या भागाला एआरएआय टेकडी असेच म्हणतात. देशात विकायच्या वाहनांची मान्यतेसाठी चाचणी करण्याचा अधिकार केंद्रीय मोटार वाहन नियमांनी ज्या मोजक्या संस्थांना दिला आहे त्यांत ही एक आहे. हरियाणात मानेसरला आयकॅट आणि मध्य प्रदेशात पीथमपूरला नॅट्रॅक्स या अशाच दुसऱ्या संस्था. तरीही कुठल्याही जाहिरातीत लोक ‘एआरएआय रेंज’ असाच शब्द वापरतात, इतके हे नाव रेंजला चिकटले आहे. विजेच्या मोटारीची रेंज मोजण्याची पद्धत एआयएस-०४० या मानकात दिली आहे. दर किलोमीटरचा खप मोजण्यासाठी एआयएस-०३९ आहे. त्यात भिंतीवरच्या सॉकेटमधून किती वीज घेतली ते धरतात, त्यामुळे चार्जिंगमध्ये वाया गेलेली वीजही हिशेबात येते. बिल भरणाऱ्याच्या दृष्टीने हा दुसरा आकडा जास्त कामाचा आहे. जाहिरातीत तो क्वचितच दिसतो, ही खेदाची गोष्ट.

चाचणी रस्त्यावर होत नाही. बंद खोलीत जमिनीखाली बसवलेल्या मोठ्या रोलरवर गाडीची चाके ठेवतात आणि गाडी जागच्या जागी पळवतात. या यंत्राला चॅसिस डायनॅमोमीटर म्हणतात. पण रोलरवर वारा नसतो आणि डांबर नसते, मग खऱ्या रस्त्याचा रोध आणायचा कुठून? त्यासाठी आधी सपाट, सरळ चाचणी-मार्गावर गाडी ठरावीक वेगाला नेऊन न्यूट्रलमध्ये सोडून देतात आणि ती किती वेळात किती मंदावते ते टिपतात. या मंदावण्यातून हवेचा आणि टायरचा मिळून होणारा रोध वेगवेगळ्या वेगांना किती, हे निघते. तोच रोध मग रोलरवर विजेने लादला जातो. गाडी नेमके तेवढेच बळ लावते जेवढे तिला मोकळ्या रस्त्यावर लावावे लागले असते. या पायरीवर थोडी ढिलाई झाली, टायर नेहमीपेक्षा गुळगुळीत असले किंवा हवा जास्त भरलेली असली, तर पुढची सगळी मोजणी गाडीच्या बाजूने झुकते. म्हणून मानकात टायर, वजन, हवेचा दाब, आधी गाडी किती चाललेली असावी अशा बारीकसारीक अटी असतात.

पूर्ण चार्ज केलेली गाडी रोलरवर चढवली की चालकासमोर पडद्यावर वेगाची एक रेघ सरकू लागते. त्या रेघेबरोबर वेग वाढवायचा, कमी करायचा, थांबायचे. ताशी एकदोन किलोमीटरपेक्षा जास्त चुकायचे नाही. ही रेघ म्हणजे ड्रायव्हिंग सायकल. भारतातल्या चारचाकींसाठी ती आहे मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांची एमआयडीसी होते आणि मराठी वाचकाला शिनोळीची औद्योगिक वसाहत आठवते, म्हणून इथे तिला नुसते भारतीय सायकल म्हणू. तिचे दोन भाग आहेत. पहिला शहरी : १९५ सेकंदांचा एक तुकडा, साधारण एक किलोमीटर अंतराचा, चार वेळा. त्यात सरासरी वेग ताशी १९ किमी, जास्तीत जास्त ५०, आणि बराच वेळ गाडी उभीच. दुसरा भाग शहराबाहेरचा, ४०० सेकंदांचा. त्यात सरासरी ६० च्या आसपास आणि कमाल वेग ९०. दोन्ही मिळून १,१८० सेकंद आणि साडेदहा किलोमीटरपेक्षा थोडे जास्त अंतर. हे चक्र पुन्हा पुन्हा चालवायचे, गाडीला रेघेबरोबर राहता येईनासे होईपर्यंत किंवा तिच्या पडद्यावर थांबण्याचा इशारा येईपर्यंत. तोवर झालेले अंतर म्हणजे प्रमाणित रेंज.

या सायकलचा मूळ साचा युरोपातला आहे. तिथल्या जुन्या सायकलमध्ये शहराबाहेरचा भाग ताशी १२० किमीपर्यंत जात असे. भारतात तो ९० वर आणला, कारण त्या काळच्या भारतीय गाड्या आणि रस्ते तेवढ्याच वेगाचे होते. आज कोगनोळीहून निपाणीकडे येणारी साधी गाडीही सहज १०० ला जाते, आणि चौपदरी राष्ट्रीय महामार्गावर मोटारींना २०१८ पासून तेवढी मुभाही आहे. म्हणजे या पट्ट्यातल्या सर्वांत वर्दळीच्या रस्त्यावरचा नेहमीचा वेग चाचणीत एक सेकंदही येत नाही. युरोपने स्वतःची जुनी सायकल २०१७ पासून मोडीत काढली आणि डब्ल्यूएलटीपी ही नवी पद्धत आणली : १,८०० सेकंद, सुमारे २३ किमी, कमाल वेग १३१. अमेरिकेत ईपीए ही संस्था शहरी आणि महामार्गी चक्रांवर निघालेल्या अंतराला साधारणपणे ०.७ ने गुणते आणि मगच तो आकडा गाडीच्या काचेवर लावू देते. प्रयोगशाळेतले शंभर म्हणजे रस्त्यावरचे सत्तर, हे तिथे सरकारनेच मान्य करून टाकले आहे. ग्राहकाच्या दृष्टीने ही सर्वांत प्रामाणिक रीत म्हणावी लागेल.

पद्धत बदलली की तीच गाडी किती वेगळी दिसते याची उदाहरणे पुण्याच्याच परिसरात आहेत. चाकणला तयार होणाऱ्या महिंद्रा बीई ६ या गाडीची ७९ युनिटांच्या बॅटरीवरची रेंज भारतीय सायकलप्रमाणे ६८२ किमी आणि डब्ल्यूएलटीपीप्रमाणे ५५० किमी. टाटा कर्व्ह ईव्ही ऑगस्ट २०२४ मध्ये आली तेव्हा ५५ युनिटांच्या बॅटरीसाठी ५८५ किमी हा आकडा गाजला. तो केवळ शहरी भागावरचा होता. दोन्ही भाग धरले की तो ५०२ वर येतो. शिवाय कंपनीने स्वतःच तिसरा आकडा दिला, तीन चतुर्थांश ग्राहकांना प्रत्यक्षात मिळेल असा : ४०० ते ४२५ किमी. एकच गाडी, एकच बॅटरी, तीन आकडे. दोन्ही भाग एकत्र धरून रेंज सांगण्याची पद्धत २०२४ पासून रूढ झाली, हे चांगले झाले. पण त्याआधीच्या वर्षांत विकल्या गेलेल्या गाड्यांच्या कागदपत्रांत कोणता भाग धरला आहे हे पाहिल्याशिवाय दोन आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

हा फरक नुसता तांत्रिक राहिलेला नाही. मार्च २०२१ मध्ये दिल्ली सरकारने प्रत्यक्ष रेंज कमी मिळत असल्याच्या तक्रारींवरून नेक्सॉन ईव्हीचे अनुदान स्थगित केले. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. कंपनीचा आकडा खोटा नव्हता, मान्यताप्राप्त संस्थेने दिलेलाच होता. आणि तक्रार करणाऱ्यांचा अनुभवही खोटा नव्हता. प्रमाणपत्र एका ठरावीक परिस्थितीपुरते असते आणि खरेदीदार ते आपल्या रस्त्याचे वचन समजून घेतो. वाद या दोहोंमधल्या जागेत उभा राहिला.

चाचणीत काय नसते, ते पाहायला हवे. पहिली गोष्ट एसी. रेंजच्या चाचणीत तो बंद असतो आणि खोलीचे तापमान २० ते ३० अंशांच्या दरम्यान राखलेले असते. एसीला चालू स्थितीत साधारण दीड किलोवॉट लागतात असे धरू. गाडी ताशी ८० ने चालली असेल तर किलोमीटरला १९ वॉट-तासांची भर पडते. तीच गाडी शहरात ताशी २० ने रखडत असेल तर किलोमीटरमागे ७५ वॉट-तास एसीच खातो, कारण तेच अंतर कापायला चौपट वेळ लागतो. संथ शहरी चालीत गाडीला स्वतःला किलोमीटरला शंभरएक वॉट-तास पुरतात. एसी त्यात पाऊणपट भर घालू शकतो. चाचणीचा शहरी भाग एसी बंद ठेवून होतो, म्हणजे एसीचा फटका जिथे सर्वाधिक बसतो नेमक्या तिथेच तो वगळला जातो. शहरी आकडा इतका फुगलेला का दिसतो, याचे मोठे उत्तर इथे आहे.

दुसरी गोष्ट वेग. गाडीला अडवणारी दोन मुख्य बळे : टायरचा रोध, जो वेगाने फारसा बदलत नाही, आणि हवेचा रोध, जो वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग ८० वरून १२० झाला, म्हणजे दीडपट, की हवेचा रोध सव्वादोनपट होतो. मध्यम आकाराच्या, १,६०० किलो भरणाऱ्या गाडीचा हिशेब मांडला तर सपाट रस्त्यावर चाकांपाशी किलोमीटरला लागणारी ऊर्जा ताशी ५० ला सुमारे ७० वॉट-तास, ८० ला ११०, १०० ला १४५ आणि १२० ला १९० येते. पेट्रोलच्या गाडीत संथ शहरी गर्दीत ॲव्हरेज पडते आणि महामार्गावर सुधारते, म्हणून अनेकांना विजेच्या गाडीकडूनही तीच अपेक्षा असते. इथे नेमके उलटे घडते. एसीचा भाग सोडला तर शहरात ती काटकसरी आणि महामार्गावर खर्चिक असते. बेळगावहून पुण्याचे ३४० किमी ताशी ८० ने काटायचे की १०० ने, यावर वाटेत चार्जिंगचा एक थांबा लागेल की दोन, हे ठरते.

तिसरी गोष्ट चढ. रोलर सपाट असतो. बेळगावचा मुलूख तसा नाही. महामार्ग ४८ वर वंटमुरीचा आणि निपाणीजवळ तवंदीचा घाट लागतो, आणि पश्चिमेकडे गेले की सह्याद्रीच लागतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे. बेळगुंदीहून बेळगावमार्गे जांबोटी, चोर्ला, सांखळी करत पणजीला जायचे तर सव्वाशेच्या आसपास किलोमीटर होतात आणि एवढी सगळी उंची चोर्ला घाटात उतरावी लागते. गाडी, चार माणसे आणि सामान मिळून १,८०० किलो धरले तर ७५० मीटर उंचीत साठलेली ऊर्जा सुमारे ३.७ युनिट भरते. उतरताना यातला मोठा भाग परत मिळतो. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटर उलट्या कामाला लागते, जनित्र बनते, गाडीला आवरते आणि वीज बॅटरीत भरते. यालाच रीजनरेशन म्हणतात. पेट्रोलच्या गाडीत हीच ऊर्जा ब्रेकच्या तबकड्या तापवून हवेत जाते. सपाटीवर किलोमीटरला १४० वॉट-तासांच्या हिशेबाने जी वाट साडेसतरा युनिटांची, ती जाताना साधारण १५ युनिटांत होते आणि परतताना २१ ते २२ युनिट मागते. जाऊन-येऊन बेरीज सपाट रस्त्यापेक्षा थोडीच जास्त, पण एकेका बाजूचा फरक मोठा. जाताना दिसलेल्या रेंजवर भरवसा ठेवून परतणारा माणूस घाटाच्या पायथ्याशीच अडचणीत येऊ शकतो. आणखी एक बारकावा : बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर रीजनरेशनची वीज घ्यायला तिच्यात जागाच नसते. आंबोलीला शंभर टक्के चार्ज करून लगेच सावंतवाडीकडे उतरू लागले तर सुरुवातीच्या उतारावर ही कमाई हातची जाते आणि साध्या ब्रेकवर जास्त भार येतो.

चौथी गोष्ट या भागातला पाऊस. राकसकोप, बेळगुंदीचा पश्चिम पट्टा सह्याद्रीच्या जवळ असल्याने पावसाळा इथे बेळगाव शहरापेक्षा जड असतो. ओल्या रस्त्यावर टायरला पाणी बाजूला सारत जावे लागते, त्यामुळे रोध वाढतो. काचांवरचे धुके घालवायला एसी लावावा लागतो. दिवे आणि वायपर यांचा खर्च मात्र नगण्य असतो, ते बंद ठेवून रेंज वाचवण्याचा विचारही करू नये. तापमानाच्या बाबतीत हा प्रदेश भाग्यवान आहे. ४५ अंशांच्या नागपुरात बॅटरी थंड ठेवायलाच वीज खर्ची पडते आणि गोठवणाऱ्या थंडीत लिथियम-आयन बॅटरीची ताकद तात्पुरती घटते. बेळगावच्या हवेत या दोन्ही टोकांचा त्रास फारसा नाही.

रेंज वाढवण्याचे मार्ग त्याच भागाकारातून निघतात : वरचा आकडा मोठा करा किंवा खालचा लहान. पहिला मार्ग सोपा आणि महाग. नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ युनिटांवरून २०२२ मध्ये ४०.५ आणि २०२४ मध्ये सुमारे ४५ युनिटांवर गेली; प्रमाणित रेंज ३१२ वरून ४८९ किमीपर्यंत चढली. पण दर १० युनिटांबरोबर साधारण ७० ते ८० किलो वजन वाढते, ते चढावर उचलावे लागते आणि त्याचा पैसा गिऱ्हाईक मोजतो. इथे बॅटरीच्या रसायनाचा प्रश्न येतो. निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या सेलमध्ये तेवढ्याच वजनात जास्त वीज मावते. लोह-फॉस्फेटच्या सेलमध्ये ती कमी मावते, पण तो स्वस्त असतो, जास्त वेळा चार्ज होऊ शकतो आणि सहजासहजी पेट घेत नाही. भारतातल्या बहुतेक गाड्यांनी दुसरा पर्याय निवडला आहे आणि आपल्या उन्हाळ्याचा विचार करता तो शहाणपणाचा आहे. वजनातली तूट भरून काढण्यासाठी सेल छोट्या पेट्यांत न बसवता थेट मोठ्या पेटीत रचण्याची पद्धत आली, त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त सेल बसतात.

दुसरा मार्ग अभियंत्याच्या कौशल्याचा आहे. मर्सिडीजने २०२२ साली ईक्यूएक्सएक्स ही प्रायोगिक गाडी जर्मनीहून फ्रान्सच्या किनाऱ्यापर्यंत एका चार्जवर १,००८ किमी नेली. तिची बॅटरी १०० युनिटांच्या आतलीच होती. खप किलोमीटरला ९० वॉट-तासांच्याही खाली होता. हवेला अडवणारा गुणांक ०.१७ पर्यंत उतरवला होता; बाजारातल्या उंच एसयूव्हींचा तो साधारण याच्या दुप्पट असतो. कमी रोधाचे टायर, हलकी चाके, कमी वीज जाळणारे इन्व्हर्टर, खालून सपाट झाकलेला तळ, या प्रत्येकाने थोडे थोडे वाचवले. भारतीय ग्राहकाला उंच, चौकोनी, मोठ्या चाकांची गाडी आवडते आणि जास्त रेंजही हवी असते. या दोन आवडी एकमेकींच्या विरुद्ध आहेत. कंपन्या त्यावर मोठ्या बॅटरीचा उतारा काढतात आणि किंमत वाढते.

सूर्यप्रकाशाचा उपायही पुण्यात आजमावला जात आहे. वायवे मोबिलिटी या पुण्याच्या कंपनीने इव्हा ही छोटी गाडी केली असून तिच्या टपावर सौर पॅनेल बसवता येते. वर्षाला ३,००० किमीपर्यंत अंतर उन्हावर मिळेल असा तिचा दावा आहे. गणित त्याला धरून आहे. टपावर एक चौरस मीटर जागा, चांगले ऊन पाच तास, पॅनेलची कार्यक्षमता २० टक्के, एवढे धरले तर दिवसाला एक युनिट वीज मिळते आणि इतक्या हलक्या गाडीला ती आठदहा किलोमीटर पुरते. जड मोटारीला तेवढ्यात पाचसात किलोमीटर मिळतील, आणि बेळगुंदीच्या जुलै-ऑगस्टात तेही नाहीत.

चालवणाऱ्याच्या हातातले उपाय साधे आहेत आणि त्यांना पैसा लागत नाही. टायरमध्ये कंपनीने सांगितलेली हवा, टपावरचा रिकामा कॅरियर काढून ठेवणे, महामार्गावर ताशी ८० ते ९० चा स्थिर वेग, पुढची गाडी मंदावताना लांबूनच पाय सोडणे. उन्हात उभी गाडी चार्जरला लागलेली असतानाच थंड करून घेतली तर ती वीज बॅटरीतून जात नाही. यातला वेगाचा उपाय बाकी सगळ्यांपेक्षा मोठा आहे.

मोठ्या रेंजची गरज किती, हाही प्रश्न याच विषयात येतो. गावातल्या घराला १५ अँपिअरचा प्लग असेल तर तिथून तासाला सुमारे तीन युनिट वीज घेता येते. व्होल्टेज पडले तर त्याहून कमी. आठ तासांच्या रात्रीत वीस-बावीस युनिट, म्हणजे दीडशे किलोमीटरपेक्षा जास्त अंतर, भरून निघते. रोज बेळगावला जाऊन येणाऱ्याचे अंतर त्याच्या पाव हिश्श्यातच भागते. त्याच्यासाठी ३०० आणि ५०० किमी रेंजमधला फरक वर्षातून काही मोजक्या प्रवासांपुरता आहे. लांबच्या प्रवासात रेंजइतकेच महत्त्व चार्जिंगच्या वेगाला असते. फेब्रुवारी २०२३ मध्ये एका नेक्सॉन ईव्हीने काश्मीर ते कन्याकुमारी सुमारे ४,००० किमी अंतर चार दिवसांच्या आत कापले ते वाटेतल्या जलद चार्जरांच्या जोरावर. जलद चार्जरवर बॅटरी १० पासून ८० टक्क्यांपर्यंत भराभर भरते आणि पुढे मंदावते, म्हणून लांबच्या वाटेवर शंभर टक्क्यांची वाट पाहत बसण्यापेक्षा ८० ला निघून पुढे पुन्हा थांबणे वेळेच्या दृष्टीने फायद्याचे पडते.

वरचा आकडाही कायमचा नसतो. बॅटरी वयाने आणि वापराने झिजते. कडक उन्हात भरलेल्या स्थितीत दिवसेंदिवस उभी राहिली तर लवकर झिजते. त्यामुळे कंपन्या बहुधा आठ वर्षे किंवा १,६०,००० किमीची हमी देतात आणि बॅटरीतला थोडा साठा वापरापलीकडे राखून ठेवतात. शून्यावर आल्यावरही गाडी काही अंतर रांगते, अनेक गाड्यांत तेव्हा पडद्यावर कासवाचे चिन्ह येते. पडद्यावरचे उरलेले किलोमीटर हा अंदाजच असतो, मागच्या काही प्रवासांच्या खपावरून बांधलेला. लोह-फॉस्फेटच्या बॅटरीचे व्होल्टेज मधल्या मोठ्या टप्प्यात जवळजवळ सपाट राहते, म्हणून तिच्यात किती वीज उरली हे ओळखणे गाडीच्या संगणकाला अवघड जाते. अधूनमधून ती पूर्ण शंभर टक्के चार्ज करायला कंपन्या सांगतात त्याचे एक मोठे कारण हे आहे.

स्वतःच्या गाडीची खरी रेंज काढायला प्रयोगशाळा लागत नाही, पण प्रयोगशाळेची शिस्त लागते. रात्री पूर्ण चार्ज करून, टायरची हवा तपासून, नेहमीच्या माणसांसह आणि नेहमीच्या वेगाने बेळगुंदी ते निपाणी आणि परत असा एक फेरा करावा. जाण्या-येण्याचा एकच रस्ता ठेवला की वंटमुरी आणि तवंदीचे चढ-उतार बव्हंशी एकमेकांना खातात. परत आल्यावर किती टक्के बॅटरी खर्च झाली ते पाहून त्यावरून युनिट काढावेत, झालेल्या किलोमीटरांनी भागावे आणि तो खप लिहून ठेवावा. हीच फेरी मे महिन्यात एसी लावून आणि जुलैमध्ये भर पावसात पुन्हा करावी. तीन खपांपैकी सर्वांत मोठ्याने बॅटरीच्या युनिटांना भागले आणि त्यातून वाटेत अडकू नये म्हणून १५ ते २० टक्के राखून ठेवले, की जो आकडा उरतो त्यावर लांबचा प्रवास आखता येतो.